बुरशीचं काम

मावशीनं उभ्या जन्मात रंगमंचावर एकच वाक्य म्हटलं होतं: "बाईसाहेब, चहा ठेवलाय." तेही दर प्रयोगाला नव्हे. मोलकरणीचं काम करणारी बाई आजारी पडली किंवा रुसून बसली तरच. एरवी मावशी नाटक कंपनीची कपडेवाली. फाटलेलं सांधायचं, ढिलं झालेलं आवळायचं, राजाची विजार आणि चोराची विजार एकाच दोरीवर वाळत घालायची, आणि पडद्याआड उभं राहून सगळ्यांची भाषणं ओठातल्या ओठात म्हणायची. कंपनीतल्या टवाळांनी तिचं नावच 'चहा ठेवलाय' पाडलं होतं. ती हसायची. हसण्यावारी नेलं की माणसं कंटाळतात, असा तिचा समज. ही माणसं काही कंटाळली नाहीत.

तिची धाकटी बहीण गेली तेव्हा बहिणीची पोर दुधाचे दात पडायच्या वयाची होती. बाप आधीच परागंदा. नातेवाइकांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी मिळून हिच्याकडे बघितलं. नवरा नाही, मूल नाही, म्हणजे हिला दुसरं काम काय! ती पोरीला घेऊन आली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. खाली हवा भरायचा पंप दिवसभर फुसफुसायचा. पोर नाटकाच्या कपड्यांच्या पेटाऱ्यात झोपून मोठी झाली. ताजा पाव तिला, शिळा हिला. खिडकीकडची जागा तिला, दाराकडची हिला. पोरीच्या 'मावशी, मावशी' अशा हाकांनी कंपनीच्या तोंडातही 'मावशी' बसलं आणि 'चहा ठेवलाय' एकदाचं मागे पडलं. तेवढं एक त्या पोरीनं तिला दिलं होतं, आणि मावशी ते विसरली नव्हती.

पुढे कंपनी बुडाली. पेटारे भंगारात गेले. भाची तोवर चांगली उफाड्याची तरुणी झाली होती, आणि तिला नाटकात काम करायचं होतं, पण आता नाटकच नव्हतं.

शहरात प्राण्या-झाडांचं एक जुनं संग्रहालय होतं. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून सगळ्यात लांबच्या दालनात, काचेच्या पेटीत पेंढा भरलेला एक रानससा होता. आखूड कान, लालसर पाठ आणि अंगावर गडद तपकिरी पट्टे. जगात फार थोडे उरले आहेत, जंगलातही सहसा कुणाच्या दृष्टीस पडत नाहीत, असं पेटीखाली लिहिलेलं. त्याच दालनाच्या कोपऱ्यात एक कुजका ओंडका होता आणि त्यावर पंख्यासारखी, थरावर थर चढलेली बुरशी. तिच्यावरही पट्टे, तपकिरी, राखाडी, मध्येच पिवळसर. ही बुरशी कुठल्याही पडक्या लाकडावर येते. संग्रहालयाच्या मागच्या अंगणात मोडक्या बाकावरसुद्धा आली होती. म्हणून तिला काच नव्हती.

पोरं त्या दालनापर्यंत चढायचीच नाहीत. मग कार्यक्रम बसवणाऱ्या साहेबांच्या डोक्यात एक कल्पना आली. "पट्टे दोघांनाही आहेत," ते म्हणाले. "एक दुर्मीळ, दुसरी पायलीला पन्नास. दोघांना समोरासमोर उभं करू. पोरांनीच ठरवायचं, श्रेष्ठ कोण." तळमजल्यावर एक लहानसं सभागृह होतं, त्यात रोजचे खेळ ठरले. कपडे शिवायला जुनी नाटकवाली बाई हवी म्हणून कुणीतरी मावशीचं नाव सुचवलं.

मावशीनं दोन्ही पोशाख एकाच ठाणातून काढले. तपकिरी जाड कापड, वर काळ्या फितीचे पट्टे. बुरशीला आतून स्पंजच्या जाड चकत्या, एकावर एक, आणि तोंडाशी जाळी. सशाला मऊ पाठ, कान लावलेला मुखवटा, गुबगुबीत पंजे. ससा शिवताना मापं कुणाची घ्यायची, असं तिनं साहेबांना विचारलं नाही. आरशासमोर उभी राहिली, आणि टेप आपल्याच छातीभोवती गुंडाळली. साहेबांनी लिहून दिलेली भाषणं तिला तोवर पाठ झाली होती. सशाचीही आणि बुरशीचीही.

पोशाख दाखवायच्या दिवशी भाची टाचण्या धरायला बरोबर आली होती. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, पोशाखाकडे बघितलं.

"तू घालून बघ गं," ते म्हणाले.

भाचीनं घातला. बाह्या लोंबत होत्या, कमरेला कापड गोळा झालं होतं. पण तिनं एक गिरकी घेतली आणि नेपथ्यातल्या ओंडक्यावर उडी मारली. साहेबांनी टाळी वाजवली.

"झालं! ससा मिळाला. मावशी, जरा मापात घ्या म्हणजे झालं. आणि बुरशीला... तुम्हीच उभ्या राहा ना. तिला काय, उभंच तर राहायचंय."

भाचीनं मावशीच्या गळ्यात हात टाकले. "मावशी, दोघी एकत्र! मज्जा की नाही?"

"हो तर," मावशी म्हणाली. घरी जाऊन तिनं सशाच्या शिवणी उसवल्या आणि पोरीच्या मापाच्या केल्या. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला शिवणकामात माया म्हणतात. कापून टाकली असती तर पोशाख अंगावर सुबक बसला असता. पण मावशीनं ती कापली नाही. सगळी तशीच आत दुमडून ठेवली.

सुरुवातीचे दिवस खरोखर बरे होते. बुरशीला भाषण होतं, चांगलं पानभर. "मी कुजलेलं लाकूड खाते," मावशी जाळीमागून म्हणायची, "मी नसते तर मेलेली झाडं एकावर एक पडून राहिली असती, आणि अख्खं जंगल स्वतःच्याच मढ्याखाली गाडलं गेलं असतं. मी खाते म्हणून माती होते. माती होते म्हणून गवत उगवतं. आणि ते गवत कोण खातं? विचारा त्या सशाला!" ह्यावर ससा कान खाजवायचा, पोरं हसायची. मग ससा म्हणायचा, "असेल बाई, असेल. पण तुला बघायला कोण येतं? मला शोधायला लोक रानोमाळ हिंडतात, झाडावर मचाण बांधून बसतात. तुझ्यावर तर लोक बसतात!" मग टाळ्यांचा कौल. रोज ससाच जिंकायचा. मावशीला त्याचं काही नव्हतं. पानभर भाषण म्हणायला मिळत होतं. समोर अंधारात माणसं होती आणि ती ऐकत होती. घामानं निथळत ती घरी यायची आणि भांडी घासताना तेच भाषण पुन्हा म्हणायची.

मग एके दिवशी पुढच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, "बुरशीला तोंडच नसतं, मग ती बोलते कशी?"

भाचीच्या जिभेला हाड नव्हतंच. "खरंच की रे!" ती म्हणाली. "मग गप्प कर तिला!" आणि नेपथ्यातली स्पंजची फांदी काढून तिनं त्याच्या हातात दिली. मुलानं मारली. बुरशी डगमगली. सभागृहात असा हशा पिकला की तिकीटवाले काका दारातून डोकावले.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी टोपलीभर स्पंजच्या काठ्या आणवल्या.

"मावशी, लागलं का गं?" कपडे बदलायच्या खोलीत भाचीनं विचारलं.

"छे गं. स्पंज तर आहे."

पोरीसमोर कण्हायचं नाही, हा मावशीचा जुना नेम. ताप असला तरी ती पोरीला सांगायची, उन्हातून आल्यामुळे अंग गरम झालंय. आताही तिनं तेच केलं, आणि भाचीनं पुन्हा कधी विचारलं नाही.

पण काठी स्पंजची असली तरी पोरांचे हात स्पंजचे नसतात. रांगा लागू लागल्या. पोरं काठी टाकून गुद्दे मारायची. कुणी पाण्याच्या बाटलीनं, कुणी छत्रीच्या मुठीनं. बरोबरच्या बाई 'हळू हं, हळू' म्हणायच्या आणि स्वतःही एक हाणून घ्यायच्या. ससेहोलपट हा शब्द सशावरून आला म्हणतात. इथे ससा ओंडक्यावर बसून पाय हलवायचा आणि होलपट बुरशीची व्हायची. मावशीच्या बरगड्यांवर काळेनिळे डाग उमटले. तिनं घरातली जुनी रजई फाडली, तिच्या कापसाचं जाड अस्तर केलं आणि पोशाखाच्या आतून, बरगड्यांना आणि घोट्यांना, हळूच टाचून टाकलं. कुणाला सांगितलं नाही.

ते तिनं सोसलं असतं. पण मग भाषण कापलं गेलं.

"साहेब, मावशीचं ते माती-बिती लांबतं," भाची म्हणाली, मावशीच्या समोरच. "पोरं जांभया देतात. त्यांना मारायचं असतं."

आधी मढ्याचं वाक्य गेलं. मग मातीचं, मग गवताचं. शेवटी बुरशीला दोनच शब्द उरले: "हाय! हाय!" मावशी रोज अंगात तो डोंगर चढवून उभी राहायची आणि हाय हाय म्हणायची. त्यापेक्षा चहाचं वाक्य लांब होतं.

आणि भाची मोठी झाली. म्हणजे खेळ संपला की ती मुखवटा काढून पोरांत मिसळायची, आणि गावात लोक तिला ओळखू लागले. दुकानात पोरं 'ससा! ससा!' ओरडायची. घरी तिच्या मैत्रिणी यायच्या, आणि ती उशी डोक्यावर घेऊन मावशीची नक्कल करायची, "हाय! हाय!" मैत्रिणी पोट धरून हसायच्या. मावशी चहा ठेवायची. कानामागून आली आणि तिखट झाली, असं खालचा सायकलवाला एकदा म्हणाला, तर मावशीनं त्यालाच झापलं: "माझी पोर आहे ती. तोंड सांभाळ."

खरी गोष्ट घडली ती दोन खेळांच्या मधल्या वेळात. पोशाख चढवायला उतरवायला फार त्रास पडायचा, म्हणून मावशी मध्ये तो काढायचीच नाही. कोपऱ्यात स्टुलावर तशीच बसून राहायची, भिंतीला टेकून, डोळे मिटून. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, पोशाख नुसता ठेवलाय. साहेब आणि भाची बोलत बोलत आत आले.

"मावशींचं काय करायचं?" साहेब म्हणत होते. "परवा चक्कर आली त्यांना. एखादा धडधाकट माणूस घ्यावा म्हणतो."

"नका हो साहेब," भाची म्हणाली, अगदी कळवळून. "तिला कोण आहे माझ्याशिवाय? माझ्याच जिवावर तर आहे ती. काढलंत तर दिवसभर घरात बसून माझं डोकं खाईल. असू दे. ओंडक्यावर बुरशी असतेच की, तशी आहे माझ्यावर." आणि स्वतःच्याच विनोदावर ती खुदकन हसली. "मी बघते तिचं. तुम्ही काळजी करू नका."

"मोठ्या मनाची आहेस हं," साहेब म्हणाले.

जाळीमागे मावशीनं श्वास धरून ठेवला. भाचीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. शिवीला उत्तर देता येतं. दयेला काय देणार? दोघं गेली. मग घंटा झाली. मावशी उठली, रंगमंचावर गेली, आणि हाय हाय म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाचीचा पाय गेला. ओंडक्यावरून उडी मारताना टाच सटकली आणि घोट्याचं हाड चिरलं. प्लास्टर घातलं. शाळांनी सभागृह आधीच धरून ठेवलेलं. साहेब डोक्याला हात लावून बसले.

"मावशी, सशाचं काम कुणाला येत असेल?"

"मला येतं," मावशी म्हणाली.

साहेब हसणार होते, पण तेवढाही वेळ नव्हता. मावशीनं कात्री घेतली, सशाच्या शिवणी उसवल्या, आणि आत दुमडलेली माया सगळी बाहेर काढली. पोशाख तिला तंतोतंत बसला. बसणारच. बुरशीत तात्पुरता बागेतला माळी उभा केला.

आणि मग जे झालं ते कुणाच्या स्वप्नात नव्हतं. मावशीचा आवाज! इतकी वर्षं पडद्याआड मुरलेला, राजाचा आणि खलनायकाचा, विदूषकाचा आणि विधवेचा, सगळ्यांचा मिळून एक आवाज तिच्या गळ्यातून निघाला. उडी तिला येत नव्हती, तर तिनं ससा दुडकत चालवला, वयस्कर, तोऱ्यातला, नाक फेंदारणारा. एका वाक्याला ती थांबायची आणि अख्खं सभागृह श्वास धरायचं. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. साहेबांनी तिचा हात हातात घेतला. "मावशी, हे इतकी वर्षं कुठे लपवलं होतंत?"

"कुणी विचारलं नाही," मावशी म्हणाली.

प्लास्टर निघालं. भाची जरा लंगडत कामावर आली. साहेबांनी तिला बसवून घेतलं, पाणी दिलं. अर्धा ग्लास संपल्यावर म्हणाले, "ससा आता मावशीच करतील. लोक त्यांच्यासाठी येतात. तू सध्या बुरशी कर. पायालाही आराम, उभंच तर राहायचंय."

भाची हसली. ओठ मात्र पांढरे पडले. "उलटंच झालं की गं, मावशी!"

"रंगमंच आहे, बाई. आज हे, उद्या ते."

सुट्टीच्या वारी संग्रहालय बंद असतं. भाची केस धुवून खिडकीत वाळवत बसली होती. मावशीनं बुरशीचा पोशाख धुवायच्या निमित्तानं घरी आणला होता. मागच्या खोलीत तो उलटा करून तिनं मांडीवर घेतला. आत बरगड्यांशी, घोट्यांशी तिचंच अस्तर होतं. तिच्या घामानं पिवळं पडलेलं. तिनं ब्लेड घेतलं आणि एकेक टाका कापायला सुरुवात केली.

तिनं मनाला सांगितलं, वास येतोय, धुवायला नको का? ते खरंही होतं. तिनं पोशाख धुतला, वाळवला. पण अस्तर परत लावलं नाही. कापूस पिंजला, स्वच्छ केला, उन्हात घातला, आणि भाचीच्या उशीत भरला.

"मावशी, उशी किती मऊ झाली गं!" रात्री भाची म्हणाली.

"झोप," मावशी म्हणाली.

पहिल्या खेळाला सभागृह गच्च होतं. पोरांची रांग टोपलीपासून दारापर्यंत. एरवी मारामारीच्या वेळी ससा ओंडक्यावर नुसता बसायचा. मावशी बसली नाही. ती दुडकत रांगेपाशी गेली, एका मुलाच्या खांद्यावर पंजा ठेवला आणि मोठ्यानं, गुपित सांगितल्यासारखं म्हणाली, "पोरांनो, बुरशीला वरून मारून काही होत नाही बरं का! तिचा जीव बुडाशी. खाली, पायाशी! बुडावर घाव घातला की कोसळलीच."

जाळीमागे भाचीचे डोळे होते. ते मावशीकडे वळले. मावशीनं ते बघितले, आणि कान हलवला.

मुलं वाकून मारू लागली. घोट्यावर, पिंढरीवर. "हाय! हाय!" बुरशी म्हणत होती. आवाज छान येत होता. साहेब मागे उभे राहून मान डोलवत होते.

"मावशी, लागतं गं," खेळ संपल्यावर भाची म्हणाली. ती जमिनीवर बसली होती, पाय दोन्ही हातांत धरून.

"स्पंज तर आहे," मावशी म्हणाली, आणि सशाचे कान खुंटीला अडकवले.

भाचीनं दोन-चार दिवस सोसलं. मग साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "हे बघ, मावशींनी इतके दिवस केलं. त्या वयात. एकदा तरी तक्रार केली का?" मावशीनं न कण्हता सोसलेला प्रत्येक गुद्दा आता फिरून पोरीच्याच अंगावर येत होता. साहेबांनी हे मावशीलाही सांगितलं. "नव्या पोरांत सहनशक्तीच नाही हो!" मावशीनं मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते साहेबांना कळलं नाही.

घरी दोघी एकमेकींशी फारसं बोलेनाशा झाल्या. मावशी मात्र रोज भाचीच्या घोट्याला गरम पाण्यानं शेक द्यायची. मन लावून, हळुवार, लहानपणी द्यायची तसा. सूज उतरवायची आणि सकाळी तिला कामावर घेऊन जायची. हे दोन्ही करणारी बाई एकच होती, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पावसाची झड लागलेल्या एका दिवशी दोन शाळा एकदम आल्या. ओल्या छत्र्या बाहेर ठेवा म्हणून काकांनी सांगितलं, कोण ऐकतो! गर्दीत एका थोराड मुलानं लाकडी मुठीची छत्री उलटी धरली आणि खाली वाकून जीव खाऊन घोट्यावर हाणली. आतून कटकन आवाज आला. बुरशी गुडघ्यावर आली, मग कुशीवर.

"मावशी!" आतून भाचीचा आवाज आला, नाटकातला नव्हे, खरा. "मावशी, पुरे! पाय मोडला माझा! मावशी गं!"

पोरं थबकली. काठ्या हवेत तशाच राहिल्या. सगळं सभागृह सशाकडे बघू लागलं. सशाच्या मुखवट्यातून मावशीला पोरगी दिसत होती. म्हणजे तपकिरी ढीग दिसत होता आणि त्यातून बाहेर आलेला एक हात. तो हात तिनं लाखांत ओळखला असता. त्या हाताची नखं तिनं कापली होती, त्याला धरून अक्षर गिरवलं होतं. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर हात हातात आला असता.

मावशी एक पाऊल मागे गेली, पंजे कमरेवर ठेवले आणि म्हणाली, "ऐकलंत का? बुरशी बोलायला लागली!"

सभागृह फुटलं. असा हशा मावशीनं कधी ऐकला नव्हता; राजाला नाही, विदूषकाला नाही, कुणालाच मिळालेला ऐकला नव्हता. आणि त्या हशाबरोबर काठ्या पुन्हा खाली आल्या. शेवटी तिकीटवाले काका धावत आले आणि त्यांनी पडदा ओढला.

घोटा ह्या वेळी नीट जुळला नाही. डॉक्टर म्हणाले, लंगडेपण राहील. संग्रहालयाकडे एकच तक्रार आली, एका आईची: बुरशी रडली म्हणून तिचं मूल घाबरलं, जेवलंही नाही. साहेबांनी लगेच नियम केला, की बुरशीनं ह्यापुढे तोंडातून आवाज काढायचा नाही. हाय हाय सुद्धा गेलं.

भाची घरी पडून होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मावशी तिच्यापाशी पेज घेऊन गेली, तर ती छताकडे बघत म्हणाली, "पोशाखात आधी अस्तर होतं ना? कापडाला टाक्यांची भोकं आहेत. बोटाला लागतात."

"होतं."

"कुठे गेलं?"

मावशीनं वाटी खाली ठेवली. "काढलं."

"माझ्यासाठी काढलंस?"

"तुझ्यासाठीच."

भाची उठून बसली. रडली नाही. "मी विचारलं होतं तुला. लागतं का म्हणून विचारलं होतं. तू नाही म्हणालीस."

"एकदाच विचारलंस."

"मला काय ठाऊक!"

"तुला ठाऊक होतं," मावशी म्हणाली. "ओंडक्यावर बुरशी असते तशी आहे मी तुझ्यावर. मोठ्या मनाची तू. साहेबांना सांगत होतीस, तेव्हा मी तिथेच बसले होते, स्टुलावर."

भाचीला आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर शरम आली की नाही, ते मावशीनं नीट निरखून बघितलं. शरम नव्हती. आश्चर्य होतं. "ते?" ती म्हणाली. "मावशी, मी तुझी नोकरी वाचवत होते गं."

पेज गार झाली.

भाची बरी होईतो राहिली आणि मग गेली. कुबडी काखेत, एक पिशवी गळ्यात. जिना अरुंद होता. ती एकेक पायरी बसत बसत उतरली. मावशी वर दारात उभी होती. मध्येच पिशवी घसरून खाली गडगडली, सायकलवाल्यानं उचलून दिली. भाचीनं वर बघितलं नाही. मावशीही खाली उतरली नाही. पंपाचा आवाज चालू होता. उशी तेवढी भाची मागे ठेवून गेली. पुढे मावशी त्या उशीवर झोपू लागली. उशी चांगली होती, टाकून कशाला द्यायची?

ससा चालूच राहिला. बुरशी बदलत गेल्या. कुणी महिनाभर टिकायचं, कुणी त्याहून कमी. नवीन माणूस आला की मावशी स्वतः त्याला पोशाख चढवायची, जाळी नीट करायची आणि सांगायची, "काही नाही हो, उभंच तर राहायचंय." तिकीटखिडकीशी सशाचं मोठं चित्र लागलं, मुखवट्यासकट. त्यामुळे रस्त्यात तिला ओळखत कुणीच नव्हतं. दुकानदार अजूनही आधी दुसऱ्याला द्यायचे आणि मग तिला.

वर्षं गेली. मावशीचे गुडघे बोलू लागले. मऊ तळव्याचे बूट घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ती मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानात शिरली. बसायला लाल गादीचं बाकडं होतं. आतून एक बाई लंगडत आली, खोकी छातीशी धरून, आणि समोरच्या ठेंगण्या स्टुलावर बसली. भाचीच होती. अंगानं भरली होती, केस आखूड केले होते.

भाचीनं तिचा पाय उचलून मापाच्या पट्टीवर ठेवला.

"टाच मागे टेकवा," ती म्हणाली.

"बरी आहेस ना गं?" मावशी म्हणाली.

"रोज किती चालता तुम्ही? त्यावर तळवा ठरतो."

तुम्ही. ज्या पोरीनं शुद्ध हरपून तापात सुद्धा तिला 'तू' म्हटलं होतं, 'तू जाऊ नकोस' म्हणून रात्रभर पदर धरून ठेवला होता, ती तिला तुम्ही म्हणत होती, आणि किती सहज! आवाजात राग नव्हता, कढ नव्हता. मावशीनं इतकी वर्षं मनात जुळवून ठेवलेली वाक्यं होती, चांगली पानभर. त्यातलं एकही ह्या आवाजापुढे उभं राहीना.

"अगं, मी..." ती म्हणाली.

"हा बघा, चालून बघा. आवडला नाही तर बदलून देऊ. पावती जपून ठेवा." भाचीनं नाडी बांधली, गाठ सारखी केली. तेवढ्यात दारात एक म्हातारी आली, अनोळखी, हातात ओली छत्री. भाची स्टुलाचा आधार घेत उठली. चेहरा खुलला.

"या मावशी, बसा ना!" ती म्हणाली. "छत्री द्या इकडे, मी ठेवते."

बाकड्यावरची मावशी क्षणभर हाकेला ओ देणार होती. ओठ उघडलेही होते. मग तिनं ते मिटले, बूट पायात तसेच ठेवले, जुने पिशवीत घातले आणि गल्ल्याकडे गेली. मागे भाची त्या म्हातारीला विचारत होती, पाय दुखतो का, कुठे दुखतो, कधीपासून.

दुपारचा खेळ होता. मावशी वेळेवर पोहोचली.